शिवणीवरून कापणारी

तिला सगळे शिंपीण म्हणत. नाव वॉर्डबॉय मामांनी पाडलेलं, आणि मामांनी एकदा नाव पाडलं की ते दगडावर कोरल्यासारखं. मोठे डॉक्टरसुद्धा गडबडीत "शिंपीण कुठे गेली, बोलवा तिला," असं म्हणून जायचे आणि मग "म्हणजे सिस्टर हो," अशी सारवासारव करायचे. तिला त्याचं वाईट वाटत नसे. ती होतीच शिंप्याची मुलगी.

अपघात विभागात माणूस आत आला की आधी त्याचे कपडे जातात. नाव काय, काम काय, सोबत कोण आहे, हे सगळं मागून. जखम कुठे आहे ते कपडे सांगत नाहीत, उलट झाकून ठेवतात. म्हणून तिथल्या प्रत्येक सिस्टरच्या खिशात एक कात्री असते. टोक बोथट, कातडीला लागू नये म्हणून. पण पातं असं की चामड्याचा पट्टा काकडीसारखा कापावा. शिकवताना सांगतात, गळ्यापासून खाली सरळ, मनगटापासून खांद्यापर्यंत सरळ. कापडाकडे बघायचं नाही, माणसाकडे बघायचं.

ती दोन्हीकडे बघायची. ती शिवणीवरून कापायची.

याला कारण होतं. नोकरीला लागली तेव्हा तीही सगळ्यांसारखी सरळच कापायची. एकदा एका म्हाताऱ्याच्या बायकोला आणलं होतं. बाई वाचली नाही. सामानाची पिशवी म्हाताऱ्याच्या हातात दिली आणि ही दुसऱ्या पेशंटकडे वळली. परत आली तेव्हा म्हातारा बाकावर बसून होता, मांडीवर बायकोचं लोकरी जाकीट. तो त्याच्या गुंड्या लावत होता. गुंड्या व्यवस्थित लागत होत्या, पण कात्री गुंड्यांच्या शेजारून गेली होती. त्यामुळे सगळ्या लावून झाल्या तरी जाकीट उघडंच राहत होतं. तो पुन्हा सगळ्या सोडायचा आणि वरपासून लावायला घ्यायचा, जणू चूक त्याच्याच बोटांची होती.

त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिची कात्री शिवण शोधायला लागली.

ते तिला अवघड नव्हतं. लहानपणी खेळण्यांच्या जागी चिंध्या आणि रिकामी रिळं घेऊन ती बाबांच्या मशीनखाली वाढली होती. शर्टाची बगल, पॅंटची बाहेरची शिवण, बाहीचा जोड, सगळं तिच्या बोटांना डोळे मिटून कळायचं. मामा स्ट्रेचर ढकलता ढकलता डिवचायचे, "काय शिंपीणबाई, माप घेताय की कापताय?"

"माप घेतलंय. तुमच्या तोंडाला बटण लावायचंय."

"लावा की. पण काज नीट करा, नाहीतर सारखं निघायचं."

असं चालायचं. या कामात हसल्याशिवाय दिवस ढकलवत नाही. शिव्या रोजच्याच. दारूच्या नशेत कुणी हात उगारायचं, कुणाचा भाऊ "तुम्ही सगळे झोपा काढता" म्हणून अंगावर धावून यायचा, चहा गार होऊन त्यावर साय धरायची आणि संध्याकाळी पाय इतके सुजायचे की बूट काढताना डोळ्यांत पाणी यावं. पण ज्या दारातून माणूस आडवा आला त्याच दारातून तो उभा बाहेर जाताना दिसला, तर त्या एका दृश्यावर तिचे कितीतरी दिवस निघायचे. आणि आडवाच गेला, तरी त्याचे कपडे नीट घडी करून देता यायचे. पिशवी उघडल्यावर घरच्यांना त्यात चिंध्या दिसायच्या नाहीत. आपल्या हातून एवढं तरी होतं, असं तिला वाटायचं. खरं सांगायचं तर तिला त्याचा थोडा अभिमानच होता.

मग एक दिवस एकाला आणलं. तो पाट्या रंगवणारा होता. दुकानांच्या दारांवरच्या मोठमोठ्या पाट्या. थंडीचे दिवस, दुपारची वेळ. शिडी घसरली आणि तो खालच्या कठड्यावर कुशीवर आपटला. आणला तेव्हा शुद्धीवर होता, पण श्वास पुरत नव्हता. अंगात जाड अस्तराचा जुना कोट, बाहीच्या कडेला पिवळ्या रंगाचा एक थेंब वाळलेला. डावा हात कोपरातून भलतीकडे वळला होता. म्हणजे कोट ओढून काढायची सोय नाही.

छोटे डॉक्टर नुकतेच शिकून आलेले, पण हाताने चांगले. त्यांनी कोटाची बटणं सोडली, छातीला स्टेथोस्कोप लावला आणि म्हणाले, "डावी बाजू हलत नाहीये. छातीत रक्त भरलंय. नळी घालावी लागेल. सिस्टर, डावी काख मोकळी करा."

नळी काखेखाली बरगड्यांमधून घालतात. कोट तिथेच घट्ट बसला होता. तिने कात्री मनगटापाशी बाहीत घातली आणि बाहीच्या खालच्या शिवणीवरून सरसर वर घेतली. कोपर गेलं, दंड गेला. आणि काखेत कात्री अडकली.

बाहीची शिवण तिथे कुशीच्या शिवणीला मिळते. वर अस्तराच्या शिवणी, त्यात जुन्या कोटाला कधीतरी आतून लावलेला जोड. पातं त्या गाठीत रुतलं, पुढेही जाईना आणि मागेही येईना. तिने जोर लावला. हात घामाने निसटला.

"सिस्टर!" डॉक्टर नळी हातात धरून उभे होते. "कापा ना!"

त्या क्षणी कात्री बाहेर काढून खांद्यावरून सरळ फिरवली असती तर काम झालं असतं. हे तिला नंतर कळलं असं नाही. तेव्हाच कळत होतं. पण हाताला लागलेली सवय डोक्याचं ऐकत नाही. तिने पातं तिथेच दोनदा, तीनदा दाबलं, कुरतडलं, आणि मग गाठ सुटली. काख मोकळी झाली. डॉक्टरांनी नळी घातली. बाटलीत रक्त आलं, येतच राहिलं.

तो माणूस गेला. मामांनी छाती दाबून दाबून घामाने अंघोळ केली, मोठे डॉक्टर धावत आले, सगळं केलं. तरी गेला.

कोट मात्र छान राहिला होता. तिने तो घडी करून पिशवीत घातला आणि पिशवी कपाटात ठेवली.

इनचार्जबाईंनी तिला चादरींच्या खोलीत बोलावलं. बाई निवृत्तीला आलेल्या, आवाज करवतीसारखा, पण उगाच कुणाला टाकून बोलायच्या नाहीत. "दार लाव," म्हणाल्या.

"मी इतकी वर्षं बघतेय तुझं हे. बोलले नाही, कारण तू हाताने झपाट्याची आहेस. दुसरीला सरळ कापायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तू शिवणीवरून कापतेस. आज तसं झालं नाही."

"हो, बाई."

"मी तुला दोष देत नाहीये. पण यापुढे इथलं काम आणि शिवण, दोन्ही एकत्र चालणार नाही. सरळ कापणार असशील तर इथे राहा. नाही जमणार वाटलं तर बाह्यरुग्ण विभागात ड्रेसिंगला तुझी गरज आहेच. तिथे कपड्यांची काळजी घ्यायला वेळही मिळतो. विचार कर, सोमवारी सांग."

तिने मान हलवली. ड्रेसिंगच्या खोलीला खिडकी होती, तिथे चहा गरम मिळायचा. पण तिथे दारातून आडवं कुणी येत नसे, म्हणून उभं जाणारंही कुणी दिसत नसे.

हात धुवायच्या जागी छोटे डॉक्टर भेटले. तिने विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलंच. "डॉक्टर, मी पटकन बाही मोकळी केली असती तर?"

"सिस्टर, आत सगळं फाटलेलं होतं."

"म्हणजे फरक पडला नसता?"

त्यांनी नळ बंद केला. हात पुसले, पुन्हा पुसले. "बहुतेक नसता," म्हणाले.

नुसतं "नसता" म्हणाले असते तर ती घरी जाऊन झोपली असती. ते "बहुतेक" तिच्याबरोबर घरी आलं, तिच्या ताटाशेजारी बसलं, उशीत शिरलं.

दोन दिवसांनी त्या माणसाची बायको आली. मोठी माणसं रडून रडून जशी कोरडी होतात तशी कोरडी झालेली. दाराशी मामांना म्हणाली, "त्यांचा कोट राहिलाय इथे. सगळं दिलं, कोटाची पिशवी राहिली."

मामांनी हिला हाक मारली. हिने कपाटातून पिशवी आणली. बाईने कोट बाहेर काढला, झटकला, समोर धरला. एक बाही खालून उघडी, बाकी सगळा धड.

"मला वाटलं, चिंध्या असतील," बाई म्हणाली. "शेजारीण म्हणाली होती, बघू नकोस, तिथे सगळं टराटरा फाडतात." तिने उसवलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "हा शिवता येईल की. आमच्या थोरल्याला होईल पुढच्या थंडीत. खांदे बापासारखेच निघालेत त्याचे. इथे जवळ कुणी शिवून देणारं आहे का हो, ताई?"

"माझे वडील देतील," तिच्या तोंडून निघून गेलं. "माझ्याकडे द्या. मी परत आणून देते."

मामांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्या दिवशी एकही विनोद केला नाही.

बाबांचं दुकान कधीच बंद झालं होतं. मशीन घरात खिडकीशी. त्यांना एका डोळ्याने कमी दिसायचं, म्हणून सुई ओवायचं काम तिच्याकडे. तिने कोट त्यांच्यापुढे ठेवला. बाबांनी उसवलेली बाही उलटी केली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"हे तू कापलंस? वा. धागा धागा धरून गेलीयस." मग बोटं काखेपाशी आली आणि थांबली. "इथे काय झालं? उंदराने कुरतडल्यासारखं."

"कात्री अडकली."

"अडकणारच. चार शिवणी एका जागी, त्यात अस्तर. इथे मी पातं घालतच नाही. सुईने एकेक टाका उसवतो, सावकाश." त्यांनी चष्मा वर केला. "माणूस कसा आहे?"

ती सुई ओवत होती. दोरा सुईच्या नेढ्यातून जाईना.

बाबांनी मशीनवरचा पाय काढून घेतला. मग तिने सगळं सांगितलं, नळी हातात धरून उभे राहिलेले डॉक्टर, घामाने निसटलेला हात, आणि ते "बहुतेक". बाबा ऐकत होते. ऐकताना त्यांचा अंगठा त्या कुरतडलेल्या जागेवर फिरत होता.

"पोरी," ते शेवटी म्हणाले, "कापड शिवणीवर उसवावं, म्हणजे परत जोडता येतं, असं मीच तुला सांगितलं. पण ते गिऱ्हाइकाच्या कपड्याचं ग. आत माणूस नसतो तेव्हाचं."

"माझ्यामुळे गेला का तो, बाबा?"

"मी शिंपी. मला काय कळणार त्यातलं." मग म्हणाले, "कळलं असतं तरी खोटं सांगितलं नसतं तुला. सुई दे इकडे."

त्यांनी कोट शिवला. काखेत कापड कमी पडत होतं, तिथे आतून अस्तराच्या रंगाचा एक छोटा तुकडा लावला. बाहेरून बघणाऱ्याला काही कळू नये, असा.

ती कोट द्यायला गेली. बाई पायऱ्यांवर बसून तांदूळ निवडत होती. सूप बाजूला सरकवून तिने कोट घेतला आणि पुन्हा पुन्हा काखेत बघितलं. जोड सापडेना तेव्हा हसली. आठवड्यातलं पहिलं हसू असावं, कारण हसल्यावर तिची तीच दचकली.

"ताई, तुम्हाला एक सांगायचं होतं," ही म्हणाली. वाटेत तिने वाक्य दहादा घोकलं होतं. "त्या दिवशी हा कोट काढताना माझ्या हातून वेळ लागला. कात्री अडकली होती. डॉक्टर थांबले होते."

बाईने कोट छातीशी धरला.

"हो ना? सावकाशच काढला असणार तुम्ही," ती म्हणाली, "म्हणून तर एवढा नीट राहिला. शेवटी कुणीतरी प्रेमाने हात लावला त्यांना, हे ऐकून बरं वाटलं बघा. नाहीतर मला आपलं रात्रंदिवस वाटत होतं, परक्या लोकांत..." तिने हिचा हात धरला, तोच उजवा हात, आणि डोळ्यांना लावला.

त्या वेळामुळेच तो गेला असेल, हे वाक्य अजून बोलायचं राहिलं होतं. ते बाहेर काढलं असतं तर या बाईच्या हातात काय उरलं असतं? आणि नाही काढलं, तर आपल्या हातात काय उरेल? बाईने तिला पाणी दिलं. तिने ते पूर्ण प्यायलं आणि निघाली. रस्ताभर उजवा हात तिने अंगापासून थोडा दूर धरला होता, ओला असल्यासारखा.

या कामात तिला पुष्कळांनी आशीर्वाद दिले होते. इतका जड एकही नव्हता.

सोमवारी सकाळी ती इनचार्जबाईंकडे गेलीच नाही. म्हणजे निघाली होती. चादरींच्या खोलीच्या दारात पोचली, तोंड उघडलं, आणि मागून मामांचा आवाज आला, "बाजूला व्हा, बाजूला!"

स्ट्रेचरवर एक तरुण. दुचाकीला मागून गाडीने उडवलेलं. ओठ निळे पडत चाललेले. अंगात घट्ट विणलेला, बंद गळ्याचा निळा स्वेटर. छोटे डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावून म्हणाले, "उजवी बाजू," आणि तिच्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. इनचार्जबाई चादरींच्या खोलीच्या दारातून पाहत होत्या.

तिने कात्री काढली. बोटं आपोआप कुशीच्या शिवणीकडे गेली. तिथे मऊ, जाडसर जोड लागला, हाताने विणून हाताने शिवलेला, कुणीतरी जपून जपून घातलेला टाका. तो टाका तिच्या बोटांना ऐकू आल्यासारखा झाला.

तिने हात उचलला, कात्री स्वेटरच्या गळ्यात घातली आणि सरळ खाली ओढली. लोकर कापताना फार आवाज होत नाही. मग मनगटापासून खांद्यापर्यंत. कापड नाही, माणूस. कापड नाही, माणूस. स्वेटर दोन्हीकडे गळून पडला आणि काख उघडी झाली. डॉक्टरांची नळी आत गेली. हवा फुस्सकन बाहेर पडली, आणि त्या पोराची उजवी बाजू, जरा अडखळत, वर आली.

मामा म्हणाले, "आला रे आला." एवढंच. पण त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही, यावरूनच त्यांना सगळं कळलंय हे तिला समजलं.

दुपारपर्यंत पोरगा बोलायला लागला. अंगभर दुखतंय, तहान लागलीय, गाडीचं काय झालं. बाहेर बाकावर त्याची आई होती. पिशवी तिच्या मांडीवर उघडी, आणि ती स्वेटरचे दोन भाग एकमेकांना लावून बघत होती. कापलेल्या कडेचे टाके सुटून खाली पळत होते. ती एक टाका बोटाने अडवायची, तोवर दुसरा सुटायचा. हिला तिथून निघून जावंसं वाटलं. तरी ती बाकाजवळ आली.

"तुम्हीच का त्या?" आईने मान वर केली. जीव भांड्यात पडला की माणसाला रागवायला बळ येतं, तसं तिला आलं होतं. "अहो, सगळा पावसाळा गेला माझा हा विणण्यात! या डोळ्यांनी विणलाय. बाजूने उसवला असता तर जोडून तरी घेतला असता. हा असा मधोमध कापलेला कसा जोडू मी? लोकरसुद्धा परत वापरता येणार नाही, तुकडेच तुकडे. जरा म्हणून धीर नव्हता का हो तुमच्या हाताला?"

"नव्हता, मावशी," ती म्हणाली.

"असं कसं नव्हता? एवढ्या शिकलेल्या तुम्ही!"

"खरंच नव्हता."

आई पुटपुटत राहिली. ही तिथेच उभी राहून सगळं ऐकत होती, एकही शब्द चुकवायचा नाही असं. आतून पोराचा आवाज आला, "आई, कुणाशी भांडतेयस?" आणि आई लगेच उठली. पिशवी बाकावरच राहिली.

तिने ती उचलली. निळे टाके अजून सुटतच होते. अजून गरम होता स्वेटर, निदान तिला तसं वाटलं. तिने तो घडी घालायचा प्रयत्न केला, पण मधून दोन झालेल्या कपड्याची घडी धड बसत नाही. तशीच पिशवी बंद करून तिने आईच्या मागोमाग आत नेली. जाता जाता चादरींच्या खोलीत डोकावून ती म्हणाली, "बाई, मी इथेच आहे."

"दिसतंय," इनचार्जबाई म्हणाल्या. "कात्रीला लोकर अडकलीय बघ. साफ कर आधी."